टाकीच्या आतली बाजू

जुनी मोटरसायकल उभी दिसली की माणूस आधी टाकीकडे बघतो. तिचा फुगीर आकार, हातानं ओढलेली बारीक रेघ, दोन्ही गुडघे टेकून टेकून झिजलेला रंग, बाजूचा बिल्ला. गाडीची सगळी ओळख त्या दोन-तीन चौरस फूट पत्र्यावर असते, आणि जीर्णोद्धाराला निघालेला बहुतेक पैसा आणि वेळही तिथंच जातो. रंग जुळवला जातो, पोचे काढले जातात, पॉलिश होतं. टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारणारा मात्र क्वचित भेटतो. मला स्वतःला या गाड्यांचा लळा लागला तो आतल्या बाजूमुळे. पत्रा पन्नास-साठ वर्षं काय सोसत आला आहे ते बाहेरचा रंग झाकून ठेवतो. आत सगळं उघड असतं.

बहुतेक जुन्या टाक्या आतून उघड्या पोलादाच्या असतात. बनवणाऱ्यांनी हे निष्काळजीपणानं केलं असं म्हणता येणार नाही. गाडी रोज चालणार, टाकी भरती-रिकामी होत राहणार, आणि पेट्रोलनं माखलेल्या पत्र्याला हवा नि पाणी एकत्र भेटणारच नाही, हा हिशेब होता आणि तो बरोबर होता. रोज फिरणाऱ्या गाडीची टाकी आतून दशकानुदशकं चकचकीत राहिलेली मी पाहिली आहे. गंज लागतो तो गाडी उभी राहिली की.

अर्धी भरलेली टाकी श्वास घेत असते. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते हवंच, नाहीतर पेट्रोल खाली उतरणार नाही. दिवसा टाकी तापते, आतली हवा बाहेर जाते. रात्री पत्रा गार पडतो, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि पत्र्याच्या वरच्या उघड्या भागावर दव धरतं. तिथं आधी तपकिरी पूड दिसू लागते. पण खरं नुकसान खाली होतं. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे पाऊण किलो, पाण्याची एक किलो. थेंब थेंब पाणी पेट्रोलमधून खाली उतरतं आणि तळाशी साचतं. मोटरसायकलची टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसलेली असल्यामुळे तिला मधे बोगदा आणि दोन बाजूंना दोन पोटं असतात. कॉकची, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीची, नळी तळापासून थोडी वर उभी असते. त्यामुळे तळाशी बसलेलं पाणी गाडी कितीही चालवली तरी बाहेर पडत नाही. ते तिथंच, खालच्या जोडाच्या फटीत बसून पत्रा खात राहतं. म्हणून टाकी वरून लालसर दिसली तरी मी फारसा घाबरत नाही. आधी तळ बघतो, जोड बघतो.

इथेनॉल मिसळलेल्या इंधनानं यात एक नवी गोष्ट आणली. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेतं, त्यामुळे थोडा ओलावा इंधनाबरोबर जळून जातो, तेवढा फायदाच म्हणायचा. पण या सामावण्याला मर्यादा आहे. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण १५ अंश सेल्सिअसला अर्धा टक्का पाणी मावतं. बारा लिटरच्या टाकीत ते जेमतेम ६० मिलिलिटर होतं. त्याहून जास्त झालं, किंवा तेवढंच पाणी असताना थंडी वाढली, की इथेनॉल आणि पाणी जोडीनं पेट्रोलपासून फुटून तळाशी वेगळा थर करतात. हा थर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट. पोलादाला तर तो छळतोच, शिवाय जुन्या पद्धतीच्या लायनरला, म्हणजे टाकीच्या आतून बसवलेल्या राळेच्या थराला, आणि टाकीतल्या रबराच्या भागांनाही मऊ करतो. इंधनात अल्कोहोल असेल हे गृहीत न धरता बनवलेली कितीतरी कोटिंग्ज याच कारणानं सुटून आली.

गंजाची पहिली तक्रार टाकीकडून येत नाही. गाडी चांगली चालत असते, वेग वाढवला की दम तोडते, थांबवून पाच मिनिटं ठेवली की पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर उघडला की फ्लोट बाऊलच्या, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाला विटकरी गाळ दिसतो. जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळीचं, भोक एक मिलिमीटरच्या आतबाहेर, मंद गतीच्या जेटचं तर त्याच्या निम्मंही नसतं. ते बंद पडायला कणभर कचरा पुरतो. मग कार्ब्युरेटर साफ होतो, पुन्हा भरतो, पुन्हा साफ होतो, फिल्टर बदलला जातो, कॉक बदलला जातो. दुखणं दोन वीत वर असतं आणि उपचार खाली चाललेले असतात.

आता लायनर. टाकीच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागावर द्रवरूप राळ फिरवून तिचा पातळ, सलग, पेट्रोलला दाद न देणारा थर बसवायचा, इतकंच हे काम आहे. ऐकायला इतकं सोपं की गंजलेली टाकी दिसली की लोकांना आधी लायनरच सुचतो. माझं मत वेगळं आहे आणि ते मी आग्रहानं सांगतो: वरवर गंजलेल्या, पण पत्रा शाबूत असलेल्या टाकीला लायनर लावू नये. ती नीट साफ करावी, भरलेली ठेवावी, गाडी चालवावी. कारण लायनर एकदा बसला की तो काढणं हे लावण्याच्या कितीतरी पट कष्टाचं आणि घातक काम आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिवानं, २०१२ साली टुरिन इथं एक सनद मान्य केली. बदल शक्य तितका कमी, शक्य तिथं मागे घेता येण्याजोगा, आणि केलेल्या कामाची नोंद, असा तिचा आग्रह आहे. लायनर यातल्या दुसऱ्या अटीत बसत नाही. म्हणून तो लावण्यामागे सबळ कारण हवं: तळाला खड्डे पडले आहेत, जोडातून पाझर आहे, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली आहेत, किंवा साफ करूनही गंज पुनःपुन्हा परततो आहे.

कारण आहे की नाही ते बघायचं असतं. तारेवरचा लहान कॅमेरा आणि एलईडीचा दिवा आता सहज मिळतो. साधा तापणारा बल्ब टाकीत कधीही सोडू नये. संशयाच्या जागी बाहेरून, रंग फुगलेला दिसतो तिथं, बोथट टोच्यानं दाबून बघायचं. पत्रा आत दबला किंवा कुरकुरला तर तिथं धातू उरलेलाच नाही. अशा ठिकाणी आधी पत्र्याचं काम, मग लायनर. सुईएवढ्या भोकावर लायनर पूल बांधतो, पण करंगळीचं टोक जाईल एवढ्या भोकावर तो नुसता पापुद्रा असतो आणि खालून खडा लागला की फुटतो. गळती शोधताना टाकीत हवेचा जोर भरण्याचा मोह आवरावा. ही दाब सोसणारी वस्तू नव्हे. थोडा जास्त दाब झाला की मधला बोगदा फुगतो आणि टाकी पुन्हा फ्रेमवर बसत नाही. सायकलच्या पंपाचा अगदी हलका जोर आणि साबणाचं पाणी पुरतं.

साफसफाईआधी एक गोष्ट जिवाची आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफेचं प्रमाण याहून बरंच जास्त असतं. ओतून रिकामी केलेल्या टाकीत ते उतरत उतरत नेमकं या पट्ट्यात येतं. पेट्रोलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते तो, उणे ४० अंशांच्याही खाली, त्यामुळे थंडीच्या सकाळीही वाफ असतेच. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून उडून न जाता जमिनीलगत पसरत जाते. गंजाच्या थरांत आणि जुन्या चिकट राळेत मुरलेलं पेट्रोल धुतल्यानंतरही वाफ सोडत राहतं. वेल्डिंगची ठिणगी किंवा डाग द्यायची ज्योत अशा टाकीजवळ नेली आणि जीव गेले, अशा घटना या धंद्यात नव्या नाहीत. म्हणून काम मोकळ्या हवेत, आणि आसपास हीटर, चालू मोटर, पेटती सिगरेट काही नको.

आता जे सांगतो आहे त्यात या कामाचा नव्वद टक्के जीव आहे. लायनरचं भवितव्य राळ ओतण्याच्या आधीच ठरलेलं असतं. पहिलं काम गंज काढणं नव्हे, तेलकटपणा काढणं. वर्षानुवर्षं उभ्या पेट्रोलचं ऑक्सिडीकरण होऊन त्याचा मधासारखा पिवळट, नंतर काळपट डिंक होतो आणि पत्र्यावर चिकटतो. तो डिंक ॲसिडला खालच्या गंजापर्यंत पोचूच देत नाही. तेल लागलेल्या पाटीवर खडू उमटत नाही, तसं त्याच्यावर काहीच धरत नाही. अॅसिटोननं किंवा त्या कामाच्या अल्कधर्मी द्रावणानं तो विरघळवायचा, गरम पाण्यानं धुवायचं, आणि आतून पाणी थेंब न धरता सलग ओघळतं का ते बघायचं. पाणी थेंबाथेंबांनी आकसलं तर तेल अजून आहे. मग पुन्हा धुवायचं, आणि कंटाळा आला की तिसऱ्यांदा धुवायचं. या पायरीला जास्त वेळ दिल्याचा पश्चात्ताप झालेला कुणी मला भेटलेला नाही.

सुटा गंज यंत्रानं नाही, हातानं काढलेला मला आवडतो. जुन्या साखळीचा तुकडा आत टाकून टाकी घुसळायची. नट-बोल्ट किंवा खडी टाकणारे असतात, पण आत टाकलेलं सगळं परत बाहेर यायला हवं, आणि आडवळणात अडकलेला एक नट लायनरखाली कायमचा चिकटून बसू शकतो. साखळी एका टोकाला धरून ओढता येते. उरलेल्या घट्ट गंजासाठी ॲसिड. हायड्रोक्लोरिक ॲसिड झटपट काम करतं आणि म्हणूनच मला ते नको वाटतं. गंजाबरोबर ते चांगला पत्राही खातं, आणि जोडाच्या फटीत त्याचे क्लोराइड क्षार राहिले की नंतर लायनरखालून तिथूनच गंज उगवतो. फॉस्फोरिक ॲसिड संथ आहे, पण मागे लोहाच्या फॉस्फेटचा करडा पातळ थर ठेवतं, जो काही काळ नव्या गंजाला थोपवतो. सायट्रिक ॲसिड त्याहून सौम्य. कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं की बऱ्याच टाक्यांना तेवढंच पुरतं. झाकण, कॉक, अॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भाग आधी काढून ठेवायचे, कारण ॲसिड त्यांना सोडत नाही. टाकीवर मूळचा रंग असेल तर तोंडाभोवतीचा भाग नीट झाकायचा. आतला गंज काढताना बाहेरची मूळ रेघ गेली तर भरपाई कशानं करणार?

विजेनं गंज काढण्याची पद्धत मला सगळ्यांत सभ्य वाटते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरायची, चार्जरचं ऋण टोक टाकीला, धन टोक तोंडातून सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला, आणि सळई कुठंही पत्र्याला चिकटू द्यायची नाही. गंज सुटतो किंवा काळ्या भुकटीत बदलतो, चांगला पत्रा मात्र जागचा हलत नाही. सळई स्टेनलेस स्टीलची नको, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. पाण्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हेही मोकळ्या हवेतच, आणि तारा काढताना आधी वीज बंद. एक मर्यादा आहे: सळईच्या समोर येतो तिथं गंज लवकर निघतो, आडोशाला तसाच राहतो. दोन्ही पोटांत सळई आळीपाळीनं वाकवून सोडावी लागते.

आणि मग येतो तो अर्धा तास, ज्यात बहुतेक टाक्या बिघडतात. ॲसिडमधून निघालेलं ताजं पोलाद उघडं असतं. ओलं राहिलं तर बघता बघता त्यावर नारिंगी झाक चढते. म्हणून ॲसिडनंतरचं धुणं, सोड्याचं पाणी, पुन्हा धुणं आणि वाळवणं, हे सलग, मधे चहालाही न उठता करायचं काम आहे. पाणी ओतून दिलं म्हणजे टाकी कोरडी झाली असं होत नाही. जोडाच्या फटीत पाणी केशाकर्षणानं धरून राहतं. थोडं अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून ओतलं की ते पाण्याला बरोबर घेऊन जातं. त्यानंतर लगेच गरम हवेचा झोत आत सोडायचा नाही, कारण अॅसिटोनची वाफही तितकीच पेटणारी. आधी साधी हवा, वास पूर्ण जाईपर्यंत, मग कोमट हवा, बराच वेळ. टाकी हाताला सगळीकडे सारखी कोमट लागली पाहिजे. एखादा भाग गार लागला तर तिथं अजून ओल आहे. लायनरखाली अडकलेला ओलावा गंज करतो, गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा मागतो, आणि तो वरचा थर आतून उचलत जातो.

लायनरच्या राळा अनेक तऱ्हांच्या. जुन्या काही विलायकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवलेल्या आणि वाळून घट्ट होणाऱ्या, त्या पुन्हा विलायकात सैल होऊ शकतात, म्हणून अल्कोहोलच्या इंधनाला त्या नकोत. काही एकाच डब्यातल्या युरेथेनच्या, हवेतली आर्द्रता घेऊन कडक होतात. पत्रा सुका हवा आणि हवा थोडी दमट, असा त्यांचा स्वभाव. माझा कौल दोन भागांच्या इपॉक्सीला, आणि त्यातही नोव्होलॅक प्रकाराला. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडच्या राळांवर लिओ बेकलंडनं काम करून १९०९ मध्ये बेकलाइटचं पेटंट मिळवलं, त्याच घराण्यातली ही राळ. साध्या इपॉक्सीच्या रेणूला जोडले जायला दोन हात असतात, नोव्होलॅकच्या रेणूला साखळीभर अनेक. हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारा दुसरा भाग, मिळाल्यावर हे हात एकमेकांत इतके दाट गुंफले जातात की पेट्रोलच्या किंवा इथेनॉलच्या रेणूला आत शिरायला वाट राहत नाही. रसायनांच्या मोठ्या टाक्यांना आतून हेच कोटिंग करतात. दोन नळ्यांमधून मिळणारा घरगुती इपॉक्सी डिंक मात्र या कामाचा नाही. तो पेट्रोलमध्ये हळूहळू मऊ पडतो.

ओतण्याआधी सगळी भोकं बंद करायची. कॉकच्या आट्यांवर मेण, वर रबरी बूच. दोन पोटांना जोडणारी नळी असेल तर तीही बंद करायची, हवेची नळी असेल तर तीही. एकदा राळ आत घट्ट झाली की या नळ्या उघडणं जवळजवळ अशक्य. राळ आणि हार्डनर प्रमाणात, डब्यावर लिहिलं असेल तसंच, अंदाजानं नाही. मिसळल्यावर राळ स्वतःच तापते आणि खोल भांड्यात तर फारच लवकर, म्हणून पसरट भांड्यात मिसळून लगेच ओतायची. मग टाकी फिरवायची. घाईनं हलवायची नाही, संथ कलती करायची: नाकावर, शेपटीवर, एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर, उलटी. राळ पत्र्यावरून ओघळत जायला वेळ लागतो. हातात तिचं वजन सरकताना जाणवतं आणि ते ऐकूही येतं. बोगद्याची वरची बाजू आणि झाकणाच्या गळ्यामागचा कोपरा हमखास सुटतात, तिकडे जास्त वेळ थांबायचं. या कामात माझं मन जितकं एकाग्र होतं तितकं दुसऱ्या कशात क्वचितच होतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

सगळीकडे थर चढला की जास्तीची राळ काढून टाकायची, आणि ही पायरी सोडायची नाही. ‘जास्त राहिली तर जास्त मजबूत’ हा समज खोटा आहे. तळाशी साचलेला जाड डबका आत नीट घट्ट होत नाही, पत्र्याच्या प्रसरण-आकुंचनाबरोबर हलत नाही, काठापासून तडकतो आणि तिथून पापुद्रा सुटायला लागतो. राळ ओघळायची थांबेपर्यंत टाकी अधूनमधून वळवत राहायची, नाहीतर ती पुन्हा एका जागी जमते. बूच राळ अर्धवट घट्ट असतानाच काढायचे. आटे नंतर टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या अवजारानं, हलकेच साफ करता येतात.

त्यानंतर थांबायचं. तापमान दहा अंशांनी खाली असलं तर इपॉक्सीला साधारण दुप्पट वेळ लागतो, म्हणून थंडीत डब्यावरच्या मुदतीवर विसंबू नये. वरून कडक लागणारा थर आत अजून कच्चा असू शकतो, आणि कच्च्या थरावर पेट्रोल पडलं की झालेलं सगळं काम वाया. आत विलायकाचा वास येतो आहे तोवर मी पेट्रोल भरत नाही.

फसलेला लायनर काय करतो हे ज्यानं पाहिलं आहे तो आधीच्या पायऱ्यांना हसत नाही. एका ओळखीच्या गाडीच्या टाकीत आधीच्या कुणी तरी गंजावरच कोटिंग ओतलं होतं. काही वर्षांनी ते कागदाएवढ्या पातळ चकत्यांनी सुटलं. चकती कॉकच्या तोंडावर येऊन बसली की गाडी बंद, इंजिनाची ओढ थांबली की चकती बाजूला आणि गाडी चालू. महिनोन्‌महिने इग्निशनमध्ये दोष शोधला गेला. विमानांच्या टाक्यांमध्येही आतून फिरवायची सीलंट्स वापरली जात, आणि सुटलेल्या पापुद्र्यांनी इंधनाच्या जाळ्या तुंबल्यामुळे ती काढून टाकण्याचे सल्ले निघाले आहेत. जुना लायनर काढायचा तर मिथिलीन क्लोराइडसारखी विलायकं लागतात, ज्यांची वाफ बंद जागेत जीवघेणी असते. इपॉक्सी असेल तर तेही पुरत नाही, तिला फुगवून, खरवडून, जोडाजोडातून ओढून काढावं लागतं. काही वेळा टाकीचा तळ कापून उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

म्हणून काम झालं की मी एक चिठ्ठी लिहितो आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवतो, तिची एक प्रत सीटखालच्या अवजारांच्या पेटीत. टाकी पुढं कुणाच्या हातात जाईल ते माहीत नसतं, आणि आत काय आहे ते त्याला झाकणातून बघून कळणार नाही. चिठ्ठीत राळेचा प्रकार, लावल्याचं साल, गंज कशानं काढला, तळाला कुठं भोकं होती आणि ती कशी बुजवली हे असतं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: आतून इपॉक्सी लायनर आहे, बाहेरून डाग देऊ नये, वेल्डिंग करू नये, रंग काढताना ज्योत वापरू नये.